रकाना सात

उद्यान विभागाच्या चौथ्या मजल्यावर ताईचं टेबल अशा जागी होतं, की एकदा बसलं की बसलं. डावीकडे लोखंडी कपाट, उजवीकडे भिंत, पाठीशी नकाशांच्या नळकांड्यांचा ढीग आणि समोर टायपिस्टची खुर्ची. ताईला पाणी प्यायला उठायचं झालं तरी आधी टायपिस्टला उठावं लागे, खुर्ची सरकवावी लागे, मग ताई अंग चोरून बाहेर येई. त्यामुळे ताई पाणी कमीच प्यायची. खिडकी होती, पण ती उघडायची समोरच्या इमारतीच्या भिंतीवर. त्या भिंतीला गिलावा नव्हता. अकरा वर्षांत ताईला तिथले विटांचे थर पाठ झाले होते.

ती आरेखक होती. शहरातल्या बागांचे नकाशे काढायची. कुठं पायवाट, कुठं कारंजं, कुठं बाकं. बागा मात्र तिनं फारशा पाहिल्या नव्हत्या. जुना नकाशा समोर ठेवायचा, त्यावर नवा काढायचा, आणि सोबत पाहणीचा तक्ता भरायचा. तक्त्यात बारा रकाने. सातवा रकाना होता, ‘जागेवरील स्थानिक झुडपे, वेली व इतर वनस्पती’.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्या रकान्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथं निरंक लिहायचं. झाडं मोजायला माणूस आहे, गवत मोजायला कुणी नाही."

ताईनं निरंक लिहिलं. तेव्हापासून ती लिहीतच आली. शेवटी शेवटी तर ती आधी सातवा रकाना भरायची आणि मग पहिल्यापासून सुरुवात करायची.

साहेब वाईट माणूस नव्हते. चार वर्षांपूर्वी ताईच्या वडिलांच्या, नानांच्या, डोळ्यांचं बिनसलं, तेव्हा तिची सगळी रजा दवाखान्यातच संपली. पुढचे तीन आठवडे साहेबांनी तिला गैरहजर दाखवलं नाही. उलट तिचे नकाशे स्वतः काढले. पन्नाशी उलटलेला माणूस, जाड भिंगाचा चष्मा, संध्याकाळपर्यंत टेबलावर वाकलेला. ताई परत आली तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमची पट्टी जरा तिरकी आहे हो. बदलून घ्या." त्या दिवसापासून ताई त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही.

ज्या बागेची ही गोष्ट, ती शहरातली सगळ्यांत जुनी. तिच्या मागच्या अंगाला, पंपघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, एक चिंचोळा पट्टा होता. तिथून धावण्याचा सिमेंटचा ट्रॅक जायचा होता. नकाशा झाला, तक्ता झाला, ताईची सही, साहेबांची सही, त्यावर मुख्यालयाची सही. काम मंजूर. जागेवर आखणी करणारा माणूस नेमका आजारी पडला, म्हणून साहेब म्हणाले, "ताई, तुम्हीच जाऊन या. चार खुंट्या ठोकायच्या, टेप धरायला माळी आहे."

ताई खूश झाली. आठवड्याच्या मधल्या वारी, भर सकाळी, उन्हात.

माळीकाका टेपचं टोक धरून पंपघराशी उभे राहिले. ताई दुसरं टोक घेऊन गवतात शिरली. कंबरभर रान होतं. तिनं पहिली खुंटी ठोकली, दुसरी ठोकली. तिसरीला दगड लागला म्हणून ती उपटून वीतभर बाजूला ठोकली, आणि त्या ओल्या भोकातून वास आला.

ताई होती तिथंच खाली बसली.

नानांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. भिंतभर खण, एकशे चाळीस. खणांवर नानांच्या हातच्या चिठ्ठ्या. ताई अक्षरं शिकली ती त्या चिठ्ठ्यांवर. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की दुकानात यायचं, स्टुलावर बसायचं, आणि गिऱ्हाईकानं नाव घेतलं की खण ओढायचा. काळोखात नुसत्या वासावर तिला खण सांगता यायचा. पण खणात असायचं ते सगळं वाळलेलं. मुळ्या, साली, चुरा. तीच झाडं जिवंत कशी दिसतात हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नानांनाही नव्हतं. माल पोत्यातून यायचा.

हा वास अनंतमुळाचा होता. गोड, थोडा धुरकट. तिनं माती बाजूला केली. खुंटीनं तोडलेलं मूळ ओलं होतं, आणि त्याला धरून वर गेलेली वेल इतकी बारीक, पानं इतकी साधी, की तिच्यावरून शंभर वेळा पाय गेला तरी कळू नये.

"काय झालं, ताई? काही चावलं का?" माळीकाकांनी हाक मारली.

"नाही. काका, हे कुणी लावलंय?"

"लावतंय कोण! रान आहे ते. वरचे साहेब येणार असले की सांगतात काढ, की मी काढतो. परत येतं. मशीन इथं वळत नाही, म्हणून राहिलंय बिचारं."

त्या दिवशी आखणी अर्धीच झाली. पुढचे चार दिवस ताई जेवणाच्या सुट्टीत बागेत येत राहिली. डबा पंपघराच्या पायरीवर, वही गुडघ्यावर. ओळखीचं एक एक सापडत गेलं. पाठा सापडली. शंखपुष्पी सापडली, ती तर एवढीशी, बटणाएवढं निळं फूल. भुईआवळा. भिंतीवर चढलेली गुळवेल. नावं तिला येत होती. चेहरे ती आता पाहत होती. एका पांढऱ्या, बोटभर उंचीच्या झाडाचं नाव काही केल्या येईना, म्हणून तिनं वहीत त्याचं नुसतं चित्र काढलं. एकूण एकोणीस.

भिंतीच्या सावलीत एक झुडूप सात ठिकाणी होतं. गुडघ्याएवढं, एका पेराला तीन तीन पानं, लाल देठांवर पांढरी फुलं. काकांच्या खुरप्यानं कधीतरी तुटलेलं बोटभर मूळ तिथं पडलं होतं. ताईनं ते रुमालात गुंडाळून घरी नेलं.

नाना खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. ताईनं मुळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी नखानं साल खरवडली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"सर्पगंधा. पण ही ओली आहे गं!"

"नक्की, नाना?"

"अगं, तुझा आवाज ओळखायला चुकेन, हा कडूपणा चुकायचा नाही. कुठं मिळाली?"

"बागेत. जमिनीत आहे, नाना. जिवंत."

नानांचा चेहरा असा उजळला, की ताईला वाटलं, बरं झालं सांगितलं. पण ते म्हणाले, "मग उपटून आण की सगळी! असला माल आता बघायला मिळत नाही. सावलीत वाळव, उन्हात नको."

ताई हसली आणि आत गेली. ती जगवायची आहेत, हे ज्याला सांगावं असं घरात एकच माणूस होतं, त्यालाही सांगता येणार नव्हतं.

ऑफिसच्या कपाटात, तिच्याच डाव्या हाताला, शहरातल्या वनस्पतींची एक जुनी यादी धूळ खात पडली होती. विभागानंच केव्हातरी छापलेली. तिनं ती अकरा वर्षांत पहिल्यांदा काढली. सर्पगंधेपुढे लिहिलं होतं, ‘पूर्वी नदीकाठी. आता शहरात आढळत नाही.’ ताईनं ते दोनदा वाचलं. मग आपल्याच सहीचा तक्ता काढून सातवा रकाना वाचला.

ती साहेबांकडे गेली. साहेबांच्या निवृत्तीला तेवीस दिवस राहिले होते. टेबल आवरणं सुरू होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही पाहिली, चित्रं पाहिली.

"छान काढलंय," ते म्हणाले. "आता हे मिटवून ठेवा."

"साहेब, आढळत नाही म्हणून छापलंय, आणि ते तिथं आहे."

"ते तिथं आहे, आणि तिथं काही नाही असं आपण लिहून दिलंय. तुम्ही, मग मी. आता आहे म्हटलं तर पहिला प्रश्न येणार, आधी पाहणी केली होती का? केली होती?"

ताईनं वही आपल्या पुढ्यात ओढून घेतली.

"चौकशी लागली की निवृत्तीचे कागद अडकतात. माझ्याआधीच्या साहेबांचे दोन वर्षं अडकले होते. फार नाही मागत मी, ताई. तेवीस दिवस. मी गेल्यावर काय ते लिहा."

"तेवीस दिवसांत सिमेंट पडेल, साहेब."

साहेब चष्मा काढून पुसत बसले. ताईला त्यांचा रागही येईना. त्याच चष्म्यानं त्यांनी तिचे नकाशे काढले होते. ती उठून परत आपल्या जागी आली. टायपिस्ट उठली, ताई आत सरकली, टायपिस्ट बसली. समोर विटा. खरं बोलावं तर ह्या माणसाला बुडवायचं. गप्प राहावं तर आठवड्याभरात खोदकाम सुरू. दोन्हीकडून दार बंद.

तिसरी वाट तिला दुसऱ्या दिवशी सुचली, आणि ती इतकी सोपी होती, की आधी का सुचली नाही याचंच नवल वाटलं. नकाशा तर तिच्याच हातात होता! तिनं पट्ट्यातून एक तुटक निळी रेघ ओढली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘जुनी जलवाहिनी’. जलवाहिनीवर सिमेंट टाकत नाहीत. ट्रॅक पंपघराच्या पुढून वळवला. काम दहा मिनिटांचं होतं.

दुरुस्त नकाशा तिनं साहेबांपुढे ठेवला. त्यांनी निळ्या रेघेवर बराच वेळ नजर ठेवली.

"ही पाइपलाइन कुठल्या सालची?"

"जुनी आहे, साहेब."

"कागदपत्रं?"

"मी बघितलीत."

पेन हातात धरून ते जरा थांबले. "तुम्ही बघितली असतील तर असेल," असं म्हणून त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी ताई घरी चालत गेली. नानांना तिनं जेवताना दोन विनोद सांगितले. नाना म्हणाले, "आज काय, पगारवाढ झाली का?"

पाचव्या दिवशी, साडेअकराच्या सुमारास, तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून माळीकाका बोलत होते.

"ताई, तुमचा पाइप शोधतायत."

"कोण?"

"ते नवीन इंजिनीअर. म्हणतात, हा पाइप पंपघराकडेच येत असणार, ट्रॅकचं काम करताना फुटला तर बागेचं पाणी बंद पडेल, आधी खड्डे मारून बघू. तीन ठिकाणी खूण केलीय. नेमकी भिंतीच्या सावलीत. पहिला झालासुद्धा."

ताई ताडकन उठली. समोर टायपिस्ट मुख्यालयाच्या फोनवर मजकूर उतरवून घेत होती. तिनं ताईकडे बघून एक बोट वर केलं, जरा थांबा. ताई थांबली. टायपिस्ट लिहीत राहिली. "परिच्छेद दोन... हो... स्वल्पविराम..." कपाट तसंच, भिंत तशीच. मग तिनं पदर खोचला, खाली वाकली आणि टेबलाखालून, टायपिस्टच्या पायांजवळून, रांगत बाहेर आली. सगळं ऑफिस बघत राहिलं.

ती पोचली तेव्हा दोन खड्डे झाले होते. तिसऱ्यावर मजुरानं कुदळ उचलली होती. इंजिनीअर तरुण होता, कामसू, शर्टाच्या बाह्या वर केलेला. ताईला पाहून त्याला हायसं वाटलं.

"बरं झालं आलात. दीड मीटर खाली गेलो, पाइप लागत नाही. अजून खाली असेल का?"

"थांबा," ताई म्हणाली. तिला दम लागला होता. "पाइप नाहीये."

"नकाशात आहे ना!"

"नकाशात आहे. जमिनीत नाही. तो मी काढलाय."

"काढलाय म्हणजे? उखडलाय?"

"पेननं काढलाय. रेघ आहे ती नुसती."

मजूर कुदळ टेकवून उभा राहिला. इंजिनीअरला आधी वाटलं, बाई थट्टा करतायत. मग त्यानं तिचा चेहरा बघितला.

"पण कशाला?"

ताईनं भिंतीच्या सावलीकडे हात केला. तो तिकडे पाहू लागला, मग जमिनीकडे, मग परत तिच्याकडे. "काय आहे तिथं?"

सातांपैकी चार मातीच्या ढिगात होती. मुळं वर, पानं खाली. लाल देठ मातीतून दिसत होते. ट्रॅक सरळ गेला असता तरी हेच झालं असतं, पण मग ते साहेबांच्या आणि मुख्यालयाच्या नावावर गेलं असतं. हे खड्डे मात्र ताईच्या रेघेवर, तिनं दाखवलेल्या जागीच पडले होते. माळीकाकांनी ती चारही झुडपं उचलून ओल्या पोत्यात गुंडाळली. "लावून बघतो," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज असा होता, की ताईनं काही विचारलं नाही.

तिथंच, पंपघराच्या पायरीवर बसून, तिनं जबाब लिहिला. पाहणी न करता निरंक लिहिलं. जलवाहिनी खोटी. दोन्ही माझं. साहेबांना माहीत नव्हतं. मग खाली रकाना सात असं लिहून एकोणीस ओळी भरल्या. शेवटची ओळ: ‘नाव माहीत नाही. पांढरं, बोटभर. चित्र सोबत.’

साहेबांना माहीत नव्हतं, हे कुणी मानलं नाही. सही तर होती. एकीकडे नव्हे, दोन्हीकडे.

ते बातमी ऐकून तिच्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या टेबलाशी आले होते. टायपिस्ट उठू लागली तर तिला हातानंच बस म्हणाले.

"पहिली सही मी सवयीनं केली होती," ते म्हणाले. "दुसरी तुमच्या शब्दावर केली."

ताईला त्यांच्याकडे बघवेना. "साहेब, मी तुम्हाला—"

"राहू द्या." ते गेले. तेवीस दिवस संपले तेव्हा त्यांना निरोपही दिला गेला नाही. चौकशी चालू असलेल्या माणसाला निरोप देत नाहीत, असा काही नियम असल्याचं मुख्यालयानं कळवलं.

ताईला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिनं कारणं दाखवली. तिच्या सहीचा अधिकार काढून घेतला आणि तिची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथं खिडकीच नव्हती. दाराला आतून मूठ नव्हती, त्यामुळे आत जाताना दारात एक जाडजूड फाईल आडवी घालावी लागे. दोनदा फाईल सरकली, आणि दोन्ही वेळा कुणी येईपर्यंत ताई आत बसून राहिली. पहिल्यांदा तिनं दार बडवलं. दुसऱ्यांदा बडवलं नाही.

नानांना तिनं सगळं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नोकरी आहे ना?"

"आहे."

"आणि झाडं?"

"तीन आहेत. सर्पगंधेची."

नाना मग म्हणाले, "आयुष्यभर मी मुळं विकली. वर काय असतं ते कधी विचारलंच नाही. पानं कशी असतात गं तिची?" ताईनं त्यांचा तळहात उघडला आणि बोटानं त्यावर तीन पानं काढून दाखवली.

मागच्या पट्ट्याचं काम ‘पुढील आदेशापर्यंत’ थांबलं. पुढील आदेश कुणी काढेना. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, आणि ती फिरत होती तोवर तिथं कुणी खोदणार नव्हतं. पोत्यातली चारही झुडपं मात्र जगली नाहीत.

सात महिन्यांनी, एका दुपारच्या सुट्टीत, ताई पंपघराशी वही घेऊन उभी होती. भिंतीच्या कडेनं एक माणूस सावकाश चालत आला. जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. साहेब होते. एकदम म्हातारे दिसत होते.

"माळी म्हणाला, तुम्ही या वेळेला येता," ते म्हणाले. नमस्कार वगैरे काही नाही.

"हो, साहेब. कागद..."

"आहेत तिथंच. परवा जाऊन आलो. पुढच्या महिन्यात या म्हणाले." ते रानाकडे पाहत होते. "ते कुठलं?"

ताईनं दाखवलं. ते वाकले. "हे?"

"नाही, ते गवत."

"मग हे?"

"तेही गवतच, साहेब. त्याच्या मागं."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि गुडघ्यावर हात टेकून आणखी वाकले. "एवढंसं," ते म्हणाले. त्या आवाजात राग होता की आणखी काही, ताईला कळलं नाही.

"मला पहिल्याच दिवशी इथं का नाही आणलंत?"

"तुम्ही आला असतात?"

साहेबांनी खरोखर विचार केला. घाई केली नाही. "नाही," ते म्हणाले. "नसतो आलो."

मग ते पंपघराच्या पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. ताई बाजूला उभी राहिली.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "तुमची वेळ झाली असेल. मी बसतो जरा."

ताईनं घड्याळ पाहिलं. रेकॉर्ड रूमच्या हजेरीवर दोन वाजता सही करावी लागे, आणि दोनला सहा मिनिटं होती. तिनं वही मिटली आणि भराभर फाटकाकडे चालू लागली.